चाक उचलायचं कुणी?

जुन्या मोटरसायकलवाल्याची परीक्षा रस्त्यावर होत नाही, ती गाडी डबल स्टँडला लावताना होते. चालवताना ढुंकूनही न बघणारी माणसं नेमकी त्याच वेळी हाताची घडी घालून उभी राहतात.

माझ्या गाडीचा मूळ स्टँड घासून घासून इतका आखूड झाला होता की तो लावला तरी मागचं चाक जमिनीवरच. तो लागायचा मात्र अगदी अलगद, लहान मुलानेही लावावा असा. पण चाक फिरणार नसेल तर उपयोग काय? चेनला तेल द्यायचं म्हणजे दोन थेंब टाका, गाडी वीतभर ढकला, परत वाका. साइड स्टँडवर काम उरकावं, तर कललेल्या गाडीत ऑइलची पातळीही खरी कळत नाही.

म्हणून नवा घ्यायला निघालो. विक्रेता म्हणाला, "तुमच्याच मॉडेलचा आहे, डोळे झाकून बसवा." जुन्या गाडीच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की आधी डोळे उघडावेत. मागचा टायर मूळ मापाचा आहे का, मधल्या मालकाने उंच शॉकअप तर बसवले नाहीत ना, नवा सायलेन्सर स्टँडच्या वाटेत येतो का, स्टँड ज्या बोल्टावर फिरतो त्याच्या बुशमध्ये, म्हणजे भोवतीच्या नळीत, किती ढिलेपणा आहे, या सगळ्यावर स्टँड किती उंच हवा ते ठरतं. आणि एवढं मोजल्यावर कळतं ते असं: सहज लागणारा स्टँड चाक उचलत नाही आणि चाक उचलणारा सहज लागत नाही. मी चाक उचलणारा घेतला.

बसवण्याचं मुख्य प्रकरण म्हणजे स्टँड वर धरून ठेवणारी स्प्रिंग. ती हाताने ताणली जात नाही, पक्कड निसटते आणि तोंडातून जे शब्द निघतात ते इथे लिहिता येत नाहीत. त्यावर जुन्या मेकॅनिकांची युक्ती आहे. स्प्रिंग वाकवून एका बाजूने वेढ्यांच्या फटीत नाणी सारायची, मग दुसऱ्या बाजूने. स्प्रिंग लांबलेलीच राहते. दोन्ही टोकं अडकवली, स्टँड खाली ओढला, की नाणी टपटप गळतात. जुन्या गाडीतून पैसे बाहेर पडताना मी तेवढंच एकदा पाहिलं आहे.

मग पहिल्यांदा स्टँड लावायची वेळ आली. जिमला जाणारा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही सरका." विहिरीतून बादली शेंदावी तशी त्याने गाडी वर ओढली. गाडी होती तिथेच राहिली, भाचा तेवढा लाल झाला. खरं तर इथे दंडाचं काही काम नसतं. डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या दांडीवर, उजवा पाय स्टँडच्या दांड्यावर. आधी गाडी थोडी हलवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत याची खात्री करायची आणि मग सगळं वजन त्या उजव्या पायावर टाकून जणू स्टँडवर उभंच राहायचं. गाडी स्वतःच मागे सरकत वर चढते. मागच्या चाकाखाली आधी इंचभर जाडीची फळी सारली तर आणखी सोपं.

आता बाहेर जाताना फळी कोण बरोबर नेणार? बाहेर मी साइड स्टँडच लावतो आणि येताना तिथे तेलाचा एक ठिपका सोडून येतो. 1920 च्या दशकातल्या गाड्यांचा स्टँड मागच्या चाकाच्या आसाशी असायचा आणि निघताना तो वर उचलून मडगार्डला अडकवावा लागायचा. ते लोक काय म्हणत असतील, या विचाराने मला जरा बरं वाटतं.

घरी मात्र शिस्त. परवा फळी सारली, वजन टाकलं, गाडी खटकन वर. चाक अधांतरी, बोट लावताच गरगर फिरणारं. मी कौतुकाने बघतोय तोच आतून आवाज आला, "अहो, गाडी जरा हातभर पलीकडे घ्या ना, दार उघडत नाहीये."