बेल घे, बरं वाटेल

पोट बिघडल्याची बातमी घरात दडवता येत नाही. मोरीच्या दाराची कडी वाजली की आई स्वयंपाकघरातून विचारते, "परत?" त्यानंतर ती मावशीला फोन करते आणि मावशी सगळ्या गोतावळ्याला.

मावशीचं औषध ठरलेलं. "बेल घे, बाकी काही करत बसू नकोस." एवढं बोलून तिने फोन ठेवला. तेवढ्यात शेजारचे काका आले. बद्धकोष्ठ हा त्यांचा आवडता विषय. तेही म्हणाले, "बेल घ्या हो! आमचं पोट साफ होतं ते बेलानेच." मी सोफ्यावरून अर्धवट उठलो. मावशीचा बेल बंद करणारा, काकांचा बेल सुरू करणारा, आणि दोघांचं झाड एकच, काकांच्या कुंपणातलं.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. कच्चा बेल तुरट असतो. आयुर्वेदात त्याला ग्राही म्हणतात, म्हणजे जुलाब आवरणारा. पिकला की तोच गोड होतो आणि सारक ठरतो. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी तर लिहूनच ठेवलंय की बाकीची फळं पिकलेली गुणकारी, बेल मात्र कच्चाच जास्त गुणाचा. सल्ला देणारी माणसं नेमका हाच तपशील गाळतात. "बेल घे" म्हणतात आणि चपला घालून निघून जातात.

झाडावरची फळं अजून हिरवी होती. बेलाला फुलापासून पिकेपर्यंत दहा-अकरा महिने लागतात, त्यामुळे हा माझ्या पोटाच्या बाजूचा योग होता. काढायचं काम अर्थात माझ्याकडे. काका झाडाखाली उभे राहून सूचना करत होते. बेलाच्या फांद्यांना सरळ, टणक काटे असतात. पूजेला पानं वाहणाऱ्यांना ते दिसत नाहीत, कारण पानं तोडून आणणारा दुसराच कोणी असतो. संस्कृतात 'खल्वाटबिल्वीय न्याय' आहे: उन्हाने टाळू तापली म्हणून टक्कल पडलेला माणूस सावलीला जातो आणि नेमका वरून बेल पडतो. काकांच्या डोक्याकडे पाहून मला तो फार प्रकर्षाने आठवला. पण ते वडीलधारे, आणि झाडही त्यांचंच, म्हणून मी "जरा बाजूला व्हा" एवढंच म्हणालो.

फळ घरी आलं आणि खरी लढाई सुरू झाली. बेलाचं कवच लाकडासारखं असतं. सुरी त्याच्यावरून घसरते, विळी मान टाकते. आईने वरवंटा दिला. पहिल्या घावाला फळ निसटून ओट्याखाली गेलं. पुढच्या घावाला वरवंट्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचला आणि तिथून "काय चाललंय?" अशी चौकशी आली. शेवटी फडक्यात गुंडाळून, पायात धरून ठोकलं तेव्हा एक बारीक चीर पडली.

आत फिकट पिवळा, घट्ट गर. मध्ये गोलाकार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात केसाळ बिया, पारदर्शक चिकाच्या गोळ्यात बसलेल्या. या चिकाचा पूर्वी डिंकासारखा वापर करायचे. ते मी सहज मान्य करतो, कारण एक बी माझ्या अंगठ्याला, अंगठा मोबाइलला आणि मोबाइल मावशीच्या कानाला असा जवळपास सलग धागा तयार झाला होता. ती व्हिडिओ कॉलवरून सांगत होती, "बिया सुईने काढ. मिक्सरला लावू नकोस रे, बी भरडली की कडू होतं."

चकत्यांचे दोन भाग केले. एक भाग मऊ शिजवून एकतारी पाकात सोडला, वर वेलची टाकली: मुरांबा. दुसरा भाग उन्हात वाळत घातला. तो कडकडीत वाळला की कुटून सुंठ आणि गुळाबरोबर घ्यायचा, हे मावशीचं मूळ औषध. आता प्रश्न एवढाच की चकत्या वाळायला काही दिवस लागतात आणि जुलाब तेवढं थांबत नाहीत. तोवर मी मुकाट्याने 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट पीत राहिलो. पोट ताळ्यावर आलं तेव्हा चकत्या गच्चीवर अजून दमटच होत्या.

"बघ, बेलाचा गुण!" मावशी म्हणाली. मी अजून घेतला नाहीये, हे सांगितल्यावर तिचं उत्तर तयार होतं. "अरे, घरात आला ना!"

मग ज्ञानाला पूर आला. पानांचा रस साखरेवर, असं एक आत्या म्हणाली. (तिच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून तिला आधी डॉक्टरांना विचारायला लावलं.) दशमुळात बेलाच्या मुळाची साल येते, हे कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि दोघांनी लगेच "मूळ मिळेल का?" विचारलं. काका त्या दिवसापासून झाडाजवळ खुर्ची टाकून बसतात.

राहता राहिला मुरांबा. बरणी भरून झालेला, दिसायला देखणा, आणि घरात कुणाचंही पोट बिघडलेलं नाही. तपासून घ्यायला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनाच थोडा नेला. त्यांनी सगळी हकीगत ऐकली, मीठ-साखरेच्या पाण्याला मान डोलावली, झाकण उघडून वास घेतला आणि दार लोटून हळूच विचारलं, "हा कच्च्याचा ना? मग मला नको. मला पिकलेला हवा होता. उन्हाळ्यात सरबत करणार असाल तर सांगा."

त्यांचं नाव मी काकांच्या यादीत घातलं आहे.