बिनपगारी गुंड

सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर मी गुंड असतो. एरवी बँकेत कर्जाचे कागद तपासतो. डॉक्टर म्हणाले, "जरा हालचाल ठेवा." घराजवळ चालायला धड फुटपाथ नाही आणि कोपऱ्यावरच्या जुजुत्सूच्या, म्हणजे जपानी स्वसंरक्षणकलेच्या, क्लासात मोठ्यांचीही बॅच होती, म्हणून नाव घातलं. पण स्वसंरक्षण शिकायचं तर आधी कुणीतरी अंगावर धावून जायला हवं. ते काम बॅचमधल्या सर्वांत वयस्कर आणि आज्ञाधारक माणसाकडे आपोआप आलं. खऱ्या गुंडाला सुपारी मिळते, मी फी भरतो.

या हल्लेखोराला 'उके' म्हणतात. सर सांगतात, खरं शिकतो तो उकेच. सरांना स्वतः उके होताना मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

मुक्क्यापासून बचाव शिकवताना मी नाकाच्या रोखानं सरळ मुक्का मारायचा. समोरचा रेषेबाहेर सरकतो आणि माझा हात बाजूला वळवतो. इतकं होईपर्यंत सेकंदही जात नाही. मग सर "थांबा" म्हणतात आणि समजावू लागतात. पाय कुठे, कंबर कुठे, नजर कुठे. तोवर माझा मुक्का हवेत. इतका वेळ हात लांब करून उभा राहणारा गुंड पोलिसांनाही आवडेल. खांदा भरून आला म्हणून हात जरा खाली घेतला, तर लगेच, "काका, अटॅक सोडू नका!"

स्वीपचं सगळं गणित वेळेचं. समोरच्याचा पाय टेकतोय, वजन त्यावर येतंय पण पुरतं आलेलं नाही, नेमका तेव्हा आपल्या तळव्यानं तो झाडून न्यायचा. क्षण साधला तर माणूस अलगद आडवा होतो. चुकला तर ती नडगीवर बसलेली लाथ असते. नवशिक्यांचा क्षण चुकतोच. अख्ख्या बॅचची प्रगती माझ्या नडग्यांवर नोंदलेली आहे. निळं दिसतं ते या आठवड्यातलं, पिवळं मागच्या.

क्षण साधला तर पडणं आलं. हनुवटी छातीकडे, श्वास बाहेर, आणि हात मागे टेकायचा नाही, नाहीतर मनगट जातं. तो सपाट मॅटवर आपटायचा. माझा आवाज दणदणीत येतो. त्यामुळे दाराशी नवे पालक चौकशीला आले की सर मलाच पाडतात.

सांध्यांच्या लॉकला माझी जोडीदार कॉलेजातली एक मुलगी. अत्यंत सुसंस्कृत. "काका, सॉरी हं," म्हणते आणि मनगट बाहेरच्या अंगाला वळवते. सॉरी आधी येतं, तेव्हाच पोटात गोळा येतो. दुखलं की दोनदा थापटायचं, मग समोरच्यानं सोडायचं, असा नियम आहे. ती नियमाची पक्की. एकदा थापटलं की दुसऱ्याची वाट बघते.

पण खरी कसोटी किमुरा लॉकची. कोपरात दुमडलेला हात पाठीमागे न्यायचा, की खांदा बोलू लागतो. सरांनी माझा हात तिथवर नेला आणि त्यांना इतिहास आठवला. १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम. जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा विरुद्ध ब्राझीलचा एलिओ ग्रेसी. किमुरानं हाच लॉक लावला. ग्रेसीचा हात मोडला, तरी पठ्ठ्या हार मानेना. शेवटी त्याच्या बाजूच्या लोकांनीच हार मान्य करत टॉवेल फेकला. सर रंगून सांगत होते आणि प्रत्येक वाक्यासरशी माझा हात किंचित वर जात होता. मी थापटत होतो. मुलांना वाटलं, काका गोष्टीला दाद देतायत. माझा टॉवेल बॅगेत होता आणि बॅग चपलांच्या स्टँडजवळ. त्या लॉकला पुढे नाव पडलं ते किमुराचं. हात मोडला ग्रेसीचा, पण ते जाऊ दे.

गेल्या महिन्यात त्या मुलीची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. सगळे लॉक तिनं माझ्यावर लावले आणि परीक्षकांनी तिची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मी डावा हात पुढे केला.

"काका, डाव्या हातानं?"

"उजवा वळत नाहीये गं."

"सॉरी हं," ती म्हणाली. मी सवयीनं हात मागे घेतला. "पुढच्या परीक्षेला सुरीचा हल्ला आहे. रबरी असते. तुम्हीच याल ना?"