एवढंसं राहिलंय, संपवून टाक

रात्री साडेनऊला मी पानावरून उठायच्या बेतात असतो, तेवढ्यात आई कढई कलती करून तळाशी डोकावते. "एवढंसंच राहिलंय रे, संपवून टाक." एवढंसं म्हणजे वाटीभर मटकीची उसळ. तिला सोबत म्हणून अर्धी पोळी येते. मग पोळी उरते, म्हणून काल दुपारचं पिठलं. 'संपवणे' म्हणजे कढई घासायला मोकळी करून देणे. भुकेचा इथे संबंध नाही.

फराळाचा डबा उघडला की मात्र हीच आई ओरडते, "संपवू नकोस, पुरवून खा!" आता नगरपालिका पाणी पुरवते म्हणजे देते (निदान एक दिवसाआड). आजोबा नातवाचे लाड पुरवतात, तेव्हाही हात सैलच असतो. आई चकल्या पुरवते तेव्हा डबा थेट माळ्यावर जातो. पुरवला कसला, पुरलाच तो! साबणही पुरवायचा, झिजून पापडाएवढा झालेला तुकडा नव्या वडीच्या पाठीवर चिकटवून. टूथपेस्टची नळी तर आमच्याकडे लाटण्याखालून गेलेली आहे.

मीठ, कुंकू, तांदूळ या गोष्टी आमच्या घरात संपतच नाहीत. संपलं म्हणणं अशुभ, म्हणून त्या 'वाढतात'. गेल्या महिन्यात आईचा फोन आला, "तांदूळ वाढलेत रे." मी सिग्नलला अडकलेलो. म्हटलं, बरं झालं, एक खेप वाचली. त्या रात्री आमटी पोळीशी खाल्ली. संपवायला भात नव्हता, एवढंच काय ते सुख.

खरी गोची व्याकरणात आहे. 'संपणे' अकर्मक, म्हणजे त्यात गुन्हेगार नसतो. दूध आपोआप संपतं. 14.2 किलोची गॅसची टाकी कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला स्वतःहून संपते, आणि सगळे तिच्याकडेच रागाने बघतात. ही सोय मी वर्षानुवर्षं वापरत आलोय. परवा बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला गेला, तेव्हाही पेपरातून डोकं वर न काढता मी म्हणालो, "लाडू संपले वाटतं."

"संपले, की संपवलेस?" बायको.

मी पान उलटलं.

"जाऊ दे गं," आई डबा कलता करत म्हणाली, "तळाशी एवढासा चुरा राहिलाय. तोही संपवून टाक म्हणावं."