मातीच्या मैदानावर धावपटू घडत नाहीत?

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सिंथेटिक ट्रॅकशिवाय धावपटू घडत नाही. कॉलेजांची मातीची मैदानं वर्षातून एकदा स्पोर्ट्स डेला लागतात. ती पार्किंगला, प्रदर्शनांना द्या.’ वाचून राग आला, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्यच खोटं आहे. ऑलिंपिकमध्ये सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम थराचा, ट्रॅक आला १९६८ साली, मेक्सिकोत. त्याआधी १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरने एक मैल चार मिनिटांच्या आत पार केला, तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्याच मैदानावर, जळक्या कोळशाच्या चुऱ्यावर. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या, हरसूलकडच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर सराव करत मोठी झाली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाईत रौप्य. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून वळणावर वेग धरायचा तर सिंथेटिक हवाच, हे मला मान्य आहे. पण दम आणि पाय मातीतच तयार होतात.

‘वर्षातून एकदा’ म्हणणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला एकदा मैदानावर यावं. पोलीस भरतीची मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर घड्याळ लावून पळत असतात. कडेला गोळाफेक चालू असते, मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. यातल्या बहुतेकांना जिमची फी परवडत नाही.

जागेचं म्हणाल, तर ४०० मीटरच्या आठ लेनच्या ट्रॅकला साधारण १७७ बाय ९३ मीटर सलग जागा लागते, म्हणजे चार एकर. कोपऱ्यात एक शेड उभी राहिली की तो लंबगोल कायमचा तुटतो. उद्या सिंथेटिक टाकायचा म्हटलं, तरी टाकणार कुठे?

आणि प्रदर्शनं! एका मैदानावर मांडव उठला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखायला गेलो. ट्रकच्या चाकोऱ्या वीतभर खोल, त्यात खडी, सुतळी, वाकलेले खिळे. भरतीला महिना उरलेला. एक मुलगी अनवाणी पळत होती, तिच्या टाचेत खिळा घुसला. बाकीची पोरं पळायचं सोडून दोन दिवस घमेली घेऊन खिळे वेचत होती.