बारा वर्षांपर्यंत थांबू नका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याला माहेरी गेले, तर घरातल्या तिन्ही मोबाइलवर एकच संदेश: ‘बारा वर्षांपर्यंत मुलांना तारवाल्या डॉक्टरकडे नेऊ नका. दुधाचे दात किडले तरी पडणारच आहेत. वाकडे दात आपोआप सरळ होतात. लवकर नेलं की पैशांसाठी तारा बसवतात.’ आईलाही ते पटलेलं. म्हणाली, “दूधना दात शेतस, पडी जातीन.”

बारा वर्षांचं आधी बोलू. तारा लावायचं वय वेगळं, दाखवायचं वेगळं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे या तारवाल्या डॉक्टरांची, संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा, असं सांगते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांमागे कायमची पहिली दाढ येते, पुढचे दात बदलू लागतात आणि जबडे एकमेकांवर कसे बसतात ते कळतं. वरचा जबडा अरुंद असेल तर याच काळात तो रुंद करणं सोपं जातं, कारण टाळूच्या मधला सांधा वय वाढेल तसा घट्ट होत जातो.

‘पडणारच आहेत’ हे वाक्य मात्र मला फार लागतं, कारण मीही ते मानलं होतं. माझ्या मुलीची खालची दुधाची दाढ किडली आणि सातव्या वर्षी काढावी लागली. ही दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत राहते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवते. आम्ही पुढे काहीच केलं नाही. मागची कायमची दाढ पुढे सरकली आणि नवा दात हिरडीतच अडकला. तेव्हा जागा राखणारी छोटी तारेची कडी बसवली असती, तर यातलं बरंच टळलं असतं. कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आपोआप सरळ होतात? वरच्या पुढच्या दोन दातांतली फट सुळे आल्यावर बहुधा मिटते, तिला घाबरू नका. पण खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, सात वर्षांचं मूल अजून अंगठा चोखत असेल किंवा झोपेत तोंडानं श्वास घेत असेल, तर वाट बघू नका. फार पुढे आलेल्या दातांना मार लवकर बसतो. आमच्या गल्लीत एक पोरगा आखाजीच्या झोक्यावरून पडला, त्याचा कायमचा दात तुटला.

राहिले पैसे. सातव्या वर्षी दाखवलेल्या बहुतेक मुलांना लगेच तारा लागत नाहीत. डॉक्टर बघतात आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. पहिल्याच भेटीत कुणी घाई केली तर दुसऱ्याचं मत घ्या. धुळ्याला दंतमहाविद्यालय आहे.

भावाचा धाकटा आता सातचा होईल. शाळा उघडण्याआधी त्याला धुळ्याला नेतोय, आईही सोबत येतेय.