ती वही कुणी उघडलीच नाही

डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

आज दुपारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी होती. हातात प्रोजेक्ट, आणि त्याला स्टेपल केलेला सॉफ्टवेअरचा रिपोर्ट: मजकूर एआयने लिहिल्याची दाट शक्यता. गुण शून्य. तिनं पिशवीतून वही काढली. कोपरे दुमडलेले, पानापानावर खाडाखोड, बाण, समासात आडवंतिडवं लिहिलेलं. दोन दिवस ती ही वही घेऊन फिरत होती. कुणी उघडलीच नव्हती.

मी उघडली. विषय स्थलांतर. एका पानावर आधी लिहिलं होतं, 'लोक गाव सोडतात.' ते खोडून, 'गाव लोकांना सोडतं.' तेही खोडलेलं, आणि शेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात, 'छान वाटतंय, पण खरं आहे का?' ज्या वाक्याला मी वर्गात शाबासकी दिली असती, ते या पोरीनं स्वतःच खोडलं होतं! याला शून्य?

ज्यांनी चॅटजीपीटी काढलं त्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये असा मजकूर ओळखणारं साधन आणलं होतं. अचूकता कमी पडते म्हणून त्याच जुलैत त्यांनी ते बंद केलं. बनवणाऱ्यांना जे जमलं नाही, त्याच्या भरवशावर आपण पोरांना चोर ठरवतोय.

हो, मुलं कॉपी करतात. माझ्याही वर्गात करतात. परवाच तीन प्रोजेक्ट जवळजवळ शब्दाला शब्द सारखे आले. मान्य. म्हणून चौथ्याचंही वाचायचं नाही?

ज्यानं शून्य दिला त्याच्यावर दुपारी मी भयंकर चिडले होते. लिहिता लिहिता तो राग ओसरलाय. तो तासिका तत्त्वावर आहे. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. समोर १८० प्रोजेक्ट. पैसे तासाचे मिळतात, तपासण्याचे नाहीत. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, तेही माहीत नाही. अशा माणसानं खाडाखोडीची वही कधी वाचायची? कायम जागा रिकाम्या ठेवून घाऊक भावात तास विकत घेतले, की दुसरं काय होणार!

आणि आम्ही कायम असलेले तरी काय वाचतोय? फॉर्म भरतोय. २००३ मध्ये शांघायची जागतिक विद्यापीठ क्रमवारी आली. तिथे नोबेल मोजतात, शोधनिबंध मोजतात. त्यानंतर क्रमवाऱ्यांचं पेवच फुटलं आणि सगळ्यांची धाव त्या रकान्यांकडे. विद्यार्थ्याची वही वाचली, याला रकानाच नाही. तुलना व्हायला हवी, निधी वाटायला काहीतरी माप लागतं, एवढं कबूल करते. त्यापुढे एक शब्द नाही.

२०१२ मध्ये कोर्सेरा, एडएक्स असे ऑनलाइन कोर्स आले तेव्हा 'आता कॉलेजं हवीत कशाला' असं ऐकलं होतं. लाखोंनी नावं नोंदवली, बहुतेकांनी अर्ध्यात सोडलं. २०२० मध्ये आपण सगळेच पडद्यावर गेलो. मी काळ्या चौकोनांना शिकवलं. त्या वर्षी मुलांना व्याख्यानं कमी पडली नव्हती, हव्या तितक्या रेकॉर्डिंग होत्या. आपल्याकडे पाहणारं, आपलं वाचणारं माणूस कमी पडलं होतं. एवढं सोसूनही आपण तेच माणूस काढून टाकतोय.

इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ पासूनचं मानतात. तिथे सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांचे संघच शिक्षक नेमायचे आणि तासाला उशीर झाला तर त्यांना दंड करायचे. आजच्या मुलांच्या हातात तो दंड असता तर आपल्यातलं कोण सुटलं असतं?

तोंडी परीक्षा घ्या. दहा मिनिटं समोर बसवा, वही मागा, 'हे का खोडलंस?' एवढंच विचारा. १८० जणांची तोंडी एकट्यानं घेता येणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच तर भरती करा म्हणतेय, वर्षानुवर्षं म्हणतेय.

निघताना ती मुलगी थांबली. 'मॅडम, पुढच्या वेळी खाडाखोडीची पानंपण जोडू का?' लिहिताना चुकली, थांबली, परत लिहिलं, याचा पुरावा एकोणीस वर्षांच्या पोरीनं द्यायचा! मला काही सुचेना. 'जोड' म्हटलं.

उद्या अकरा वाजता विभागप्रमुखांकडे जातोय, दोघी. वही माझ्याकडेच ठेवून घेतलीय. आत्ता पुन्हा पहिल्यापासून वाचतेय.