बाटली रेडिएटरची, ओतायची म्हणे तेलात

परवा रात्री मोठ्या मामांचा फोन आला. त्यांची गाडी एकवीस वर्षांची आहे. उभी राहते तिथे तेलाचे डाग पडतात आणि कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी आठवड्याला बोटभर खाली जाते. सल्ला विचारायला त्यांनी फोन केला नव्हताच. रेडिएटर सीलंटची, म्हणजे गळती बुजवणाऱ्या औषधाची, बाटली त्यांनी आणूनही ठेवली होती. ‘अर्धी पाण्यात टाकली की उरलेली अर्धी तेलात नेमकी कुठून ओतायची’, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना बाटली खाली ठेवायला सांगितली आणि ज्या मेसेजमध्ये हे वाचलं तो पाठवायला लावला. गेल्या पंधरा दिवसांत तो मला चौघांकडून आला होता. तीन वेळा मी न वाचता पुढे गेलो, ही माझी चूक झाली.

मेसेजचा मथळा ‘जुन्या इंजिनाची पाणी आणि ऑइल गळती दहा मिनिटांत बंद’ असा आहे. आत म्हटलंय ते असं: इंजिन गरम असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून अर्धी बाटली ओता, म्हणजे औषध पटकन मिसळतं. उरलेली अर्धी इंजिन ऑइलमध्ये ओता, ऑइल गळतीही थांबते. बाटली नसेल तर मिरपूड नाहीतर अंड्याचा पांढरा भाग चालतो. थर्मोस्टॅट काढून टाका. जाड तेल वापरा. कूलंट हा धंदा आहे, साधं पाणी पुरतं. आणि तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंच समजा.

तेलात बाटली ओतण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी गाडीचं नुकसान होईल, याने इंजिन संपेल.

अशा बऱ्याच बाटल्यांमध्ये, विशेषतः हेड गॅस्केटसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्यांमध्ये, सोडियम सिलिकेट असतं. पाण्यात ते विरघळलेलं असतं. उष्णतेने पाणी उडालं की मागे काचेसारखा कडक थर उरतो. रेडिएटरच्या चिरेत हाच थर बुचासारखा बसतो, म्हणून तिथे त्याचा उपयोग होतो. आता हेच तेलात ओतलं तर काय होतं, याचा अंदाज बांधायची गरज नाही. 2009 साली अमेरिकी सरकारने जुन्या, जास्त इंधन खाणाऱ्या गाड्या मोडीत काढायची योजना राबवली. ‘कॅश फॉर क्लंकर्स’ या नावाने ती ओळखली जाते. जमा झालेलं इंजिन पुन्हा कुठल्याच गाडीत बसू नये, अशी अट होती. त्यासाठी सरकारी नियमात लिहिलेली पद्धत अशी होती: तेल काढून टाकायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं 40 टक्के द्रावण सुमारे दोन लिटर ओतायचं आणि इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास चालवत ठेवायचं, बंद पडेपर्यंत. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या त्या योजनेत आल्या. म्हणजे इंजिन कायमचं निकामी करण्यासाठी एका सरकारने निवडलेला पदार्थ हा मेसेज गळतीवरचा उपाय म्हणून वाटतोय.

बाटलीत प्रमाण कमी असतं आणि तेलही काढलेलं नसतं, हे मला मान्य आहे. पण बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच असते, आणि तेलाचा पातळ पडदा तेवढ्या जागेत सगळा भार पेलतो. तिथे पाणी आणि काचेचे कण गेले की तो पडदा तुटतो आणि धातूवर धातू घासतो. शिवाय तळाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठतं तिथे, ऑइल पंपाची जाळी असते. त्या जाळीवर गाळ बसला की वरच्या कॅमशाफ्टपर्यंत तेलच पोचत नाही. कूलंटची वाट आणि तेलाची वाट शेजारून जातात, तरी इंजिन बनवणारा त्या जिवापाड वेगळ्या ठेवतो. हेड गॅस्केट असतंच त्यासाठी. कूलंट झिरपून तेलात मिसळलं तर त्यातलं ग्लायकॉल एकटंच तेलाचा चिखल करून बेअरिंग खातं. मेसेज मात्र हे मिश्रण स्वतःच्या हाताने करायला सांगतो.

दुसरा धोका माणसाला आहे: गरम इंजिनावर झाकण उघडणं. कूलिंग सिस्टीम बंद भांड्यासारखी असते. झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण 125 अंश सेल्सियसच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही. दाब नसेल तर तेच मिश्रण 107 अंशांच्या आसपास उकळतं. गळतीमुळे तापलेल्या इंजिनात पाणी 115 अंशांवर असेल आणि तुम्ही झाकण फिरवलंत, तर दाब एका क्षणात जातो, आतलं पाणी तिथल्या तिथे उकळायला लागतं आणि वाफेसकट वर उसळतं. वर तुमचा हात असतो आणि वाकलेला चेहरा. माझे मामा सत्तरीचे आहेत, त्यांना चष्मा आहे, आणि झाकण कसं फिरतं ते पाहायला ते वाकणारच. वरचा होज पाईप हाताने दाबून मऊ आणि गार लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा तास लागो की दोन तास.

मिरपूड, अंडं, सीलंट यांत अर्धं सत्य आहे, तेही सांगितलं पाहिजे. रेडिएटरच्या बारीक छिद्राला बारीक कण अडकतात आणि गळती तात्पुरती थांबते. कॅडिलॅकच्या काही अ‍ॅल्युमिनियम इंजिनांमध्ये तर कंपनी स्वतः कूलंटमध्ये सीलंटच्या गोळ्या टाकत असे. आडरानात गाडी अडकली आणि गॅरेजपर्यंत पोचायचंच असेल, तर कूलंटसाठी बनवलेली बाटली कूलंटमध्ये टाकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण कण फक्त छिद्रालाच ओळखत नाहीत. हीटर कोअरच्या (गाडीत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही ते बसतात, आणि गळणारं इंजिन पुढे तापणारं इंजिन होतं. अंडं तर आत कुजतं.

थर्मोस्टॅट काढल्याने गळतीचं काहीही होत नाही. तो रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह आहे आणि साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि त्या तापमानावर टिकतं. तो नसेल तर इंजिन गारच चालतं, तेलातला ओलावा उडत नाही, गाळ वाढतो आणि पेट्रोल जास्त जातं.

जाड तेलाने थेंब थोडे कमी पडतात, खरं आहे. पण थंड इंजिन सुरू करताना तेच जाड तेल वर पोचायला वेळ लावतं, आणि बरीचशी झीज त्याच क्षणांत होते.

साधं पाणी? कास्ट आयर्नचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये गंज धरू नये म्हणून कूलंटमध्ये जे घटक असतात ते पाण्यात नसतात. आज थेंब गळतोय, उद्या वॉटर पंपाची पाती खाल्लेली सापडतील.

पांढऱ्या सायीबद्दलचा मुद्दा वाचून मामा सगळ्यात जास्त घाबरले होते, कारण त्यांच्या झाकणाखाली ती होती. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की आतला ओलावा उडत नाही आणि झाकणाखाली साय धरते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि लांबच्या फेरीनंतर साय गेली, तर गॅस्केटला हात लावू नका. शंका असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची चाचणी करतात. सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. मामांचं निळंच राहिलं.

मग गळत काय होतं? आधी इंजिन नीट धुऊन घेतलं, कारण तेल वरून ओघळत खाली येतं आणि डाग नेहमी चुकीच्या जागी दिसतो. चेंबरचं पॅकिंग गेलंय असं सगळ्यांना वाटत होतं. गळत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, रबरी गॅस्केटमधून. कारण त्याच्याही मागे होतं. इंजिनाच्या आतला धूर आणि वाफ बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह गाळाने बुजला होता, आतला दाब बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तो तेलाला गॅस्केटमधून ढकलत होता. फक्त गॅस्केट बदललं असतं तर तेही काही महिन्यांत गळलं असतं. कूलंटसाठी गार इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब दिला, आणि दहा मिनिटांत वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब आला. पंपाचं आतलं सील गेलं की कळावं, यासाठीच ते छिद्र ठेवलेलं असतं. ते बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन गळत्या होत्या, आणि हेड काढायची गरजच नव्हती.

मेसेज वाचून तेलात बाटली आधीच ओतली असेल तर किल्ली फिरवू नका, ‘एकदा सुरू करून बघू’ असंही नाही. गाडी ओढून न्या, तेल आणि फिल्टर काढा, चेंबर खोलून जाळी साफ करून घ्या, आणि काय ओतलं ते मिस्त्रीला न लाजता सांगा. गळलेलं कूलंट जमिनीवर तसंच सोडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी चाटतात, आणि पोटात गेलेलं इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं, जनावराची तशीच लहान मुलाचीही.